पन्नास नळ्यांची पेटी: प्रथिनांचे स्फटिक वाढवण्यासाठी ‘क्रिस्टल स्क्रीन’ घ्यावा का?

प्रथिनांची त्रिमिती रचना एक्स-किरणांनी पाहता यावी म्हणून त्यांचे स्फटिक वाढवण्याचे काम आमच्या विभागात सुरू करायचे ठरले, तेव्हा पहिली अडचण यंत्रांची नव्हती, द्रावणांची होती. शुद्ध केलेले प्रथिन हाताशी होते, चोवीस खान्यांच्या प्लेटा होत्या, एक बऱ्यापैकी स्टिरिओ मायक्रोस्कोपही होता. पण आपले प्रथिन कोणत्या क्षारात, किती पीएचला आणि कोणत्या साका, म्हणजे गाळ, पाडणाऱ्या द्रव्यात स्फटिकरूप घेईल, हे आधी सांगणारे सूत्र आजही कोणाकडे नाही. थेंब लावून पाहावे लागतात, आणि कोणते थेंब आधी लावायचे हे ठरवण्यातच नवख्या प्रयोगशाळेची वर्षे जातात. म्हणून आम्ही कॅलिफोर्नियातील हॅम्प्टन रिसर्च या कंपनीचा ‘क्रिस्टल स्क्रीन’ हा तयार संच मागवला. तीन वर्षे तो वापरल्यानंतर आणि पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या तीन तुकड्यांचे हात त्यावर बसताना पाहिल्यानंतर हे परीक्षण लिहीत आहे. हा संच विकत घ्यावा, की द्रावणे घरीच बनवावीत, की सरळ यांत्रिक सुविधा असलेल्या मोठ्या संस्थेकडे नमुना पाठवावा, अशा विचारात जे सहकारी असतील, त्यांच्यासाठी ते आहे.

पेटी उघडल्यावर दिसतात त्या पन्नास क्रमांकित नळ्या, प्रत्येकीत १० मिलिलिटर गाळलेले, निर्जंतुक द्रावण. प्रत्येक नळीत साधारण तीन घटक असतात: पीएच स्थिर ठेवणारे बफर, एखादा क्षार आणि प्रथिनाला द्रावणातून बाहेर ढकलणारे द्रव्य. उदाहरणार्थ, चौथ्या नळीत पीएच ८.५ च्या ट्रिस बफरमध्ये २ मोलर अमोनियम सल्फेट आहे, तर पहिल्या नळीत पीएच ४.६ च्या ॲसिटेट बफरमध्ये थोडे कॅल्शियम क्लोराइड आणि ३० टक्के एमपीडी आहे. बहुतेक बफर पाच पीएचचे आहेत, ४.६ पासून ८.५ पर्यंत. साका पाडणाऱ्या द्रव्यांत अमोनियम सल्फेटसारखे क्षार आहेत, एमपीडी आणि आयसोप्रोपॅनॉलसारखी सेंद्रिय द्रव्ये आहेत आणि वेगवेगळ्या रेणुभाराची पॉलिएथिलीन ग्लायकॉल, म्हणजे प्रयोगशाळेच्या बोलीत ‘पेग’, आहेत.

ही पन्नास मिश्रणे कोणी मनाला येईल तशी निवडलेली नाहीत. सगळे पीएच, सगळे क्षार आणि सगळी द्रव्ये एकमेकांशी जोडून पाहायची ठरवली तर हजारो थेंब लागतील आणि तेवढे प्रथिन कोणाकडेच नसते. या अडचणीवर १९७९ मध्ये कार्टर आणि कार्टर यांनी सांख्यिकीतील अपूर्ण आराखड्याचा उपाय सुचवला होता, म्हणजे सगळी जोडकामे न करता त्यांतील समतोल निवडक जोडकामेच करायची. पुढे १९९१ मध्ये बर्कली येथील यार्मिला यान्कारिक आणि सुंग-हौ किम यांनी आणखी व्यवहारी मार्ग काढला. तोवर ज्या परिस्थितीत प्रथिनांचे स्फटिक खरोखर मिळाले होते त्या नोंदींकडे झुकणारी पन्नास मिश्रणे त्यांनी निवडली, आणि तीच यादी या पेटीचा पाया आहे. त्यामुळे संच विकत घेणारा खरे तर इतरांच्या अनुभवाचा अर्क घेतो, आणि मला त्यातली सर्वांत मोलाची गोष्ट हीच वाटते. मात्र हा अनुभव पूर्वी स्फटिक बनलेल्या, म्हणजे बऱ्याच अंशी पाण्यात सुखाने विरघळणाऱ्या प्रथिनांचा आहे. पेशीपटलात रुतलेल्या प्रथिनांसाठी या पेटीकडून फार अपेक्षा ठेवू नये. त्यांच्यासाठी वेगळे संच मिळतात.

वापरण्याची पद्धत टांगत्या थेंबाची. प्लेटमधील खान्यात ५०० मायक्रोलिटर द्रावण घालायचे, काठावर ग्रीसचे कडे फिरवायचे, सिलिकॉन चढवलेल्या काचेच्या गोल चकतीवर एक मायक्रोलिटर प्रथिन आणि त्याच खान्यातील एक मायक्रोलिटर द्रावण एकत्र करायचे आणि चकती पटकन उलटी करून खान्यावर बसवायची. आता थेंबात साका पाडणाऱ्या द्रव्याचे प्रमाण खान्यातल्याच्या निम्मे असते, म्हणून थेंबातले पाणी वाफेच्या रूपाने हळूहळू खान्याकडे जाते. काही दिवसांत थेंब जवळजवळ निम्मा होतो, प्रथिनाचे प्रमाण दुपटीकडे जाते, आणि नशीब बरे असेल तर द्रावण अतिसंपृक्त होऊन रेणू साका होऊन पडण्याऐवजी रांगेत बसू लागतात. १८४० मध्ये ह्यूनेफेल्ड यांनी गांडुळाचे रक्त दोन काचांमध्ये हळूहळू सुकू दिले आणि हिमोग्लोबिनचे स्फटिक पाहिले. पाणी सावकाश काढून घेण्याचे तत्त्व तेव्हापासून तेच आहे.

ग्रीसबद्दल थोडे अधिक सांगायला हवे, कारण नवीन विद्यार्थ्यांच्या निम्म्या प्लेटा तिथेच वाया जातात. कडे पूर्ण बंद केले तर चकती दाबताना आत कोंडलेली हवा थेंबाला धक्का देते आणि थेंब पसरतो. म्हणून कड्यात तांदळाच्या दाण्याएवढी फट ठेवायची, चकती दाबून अलगद चतुर्थांश फिरवायची आणि फट मिटवायची. नंतर प्लेट तिरकी करून उजेडात पाहिली की ग्रीसमध्ये कुठे रेघ राहिली असेल तर ती चमकते. अशी रेघ राहिलेला खाना आठवड्याभरात सुकतो आणि त्यातल्या थेंबात जे काही दिसते त्यावर विश्वास ठेवता येत नाही.

संचाचा हिशोबही इथेच मांडतो. एका खान्याला अर्धा मिलिलिटर या दराने प्रत्येक नळी वीस वेळा पुरते, म्हणजे कागदावर वीस प्रथिने तपासता येतात. प्रत्यक्षात पिपेटने घेताना होणारी नासाडी, पुन्हा लावलेले खाने आणि झाकण उघडझाप करताना उडणारे पाणी धरले तर चौदा-पंधरा तपासण्या झाल्या. पन्नास हा आकडा चोवीस खान्यांच्या प्लेटेला सोयीचा नाही, दोन प्लेटांत अठ्ठेचाळीस खाने होतात आणि दोन नळ्या उरतात. आम्ही उरलेल्या दोन नळ्यांसाठी तिसरी प्लेट घेतो आणि तिच्या बाकीच्या खान्यांत लायसोझाइमचे नियंत्रण थेंब लावतो. त्यात फायदाच आहे, कारण लायसोझाइमच्या खान्यांत दुसऱ्या दिवशी स्फटिक दिसले नाहीत तर चूक हाताची आहे, प्रथिनाची नाही, हे लगेच कळते.

लायसोझाइमपासूनच सुरुवात करावी, असा माझा आग्रह आहे. कोंबडीच्या अंड्याच्या पांढऱ्या भागातल्या प्रथिनांत हे सुमारे साडेतीन टक्के असते, स्वस्त मिळते, आणि पीएच ४.६ च्या ॲसिटेट बफरमध्ये साध्या मिठाच्या द्रावणावर टांगले की एका रात्रीत घडीव कडांचे स्फटिक देते. १९६५ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये डेव्हिड फिलिप्स यांच्या गटाने ज्या विकराची त्रिमिती रचना सर्वप्रथम उलगडली, ते हेच. ज्या मुलीने आयुष्यात प्रथमच मायक्रोस्कोपखाली असा स्फटिक पाहिला, तिने पुढच्या प्रथिनासाठी दोन महिने धीर धरलेला मी पाहिला आहे, म्हणून हा एक दिवस खर्च करावाच.

आता पेटीकडून काय मिळते आणि काय मिळत नाही, याकडे वळतो. आमचे प्रथिन एका कडधान्याच्या बियांतील लेक्टिन, म्हणजे साखरेच्या रेणूला धरून ठेवणारे प्रथिन, होते. पहिल्या तपासणीत ते फॉस्फेट बफरमध्ये ठेवलेले होते, कारण शुद्धीकरणाच्या शेवटच्या पायरीत तेच बफर वापरले होते. तिसऱ्या दिवशी सहाव्या नळीच्या थेंबात, म्हणजे पीएच ८.५ चे ट्रिस, मॅग्नेशियम क्लोराइड आणि ३० टक्के पेग ४००० असलेल्या थेंबात, काचेसारखे स्वच्छ, टोकदार स्फटिक उभे होते. ध्रुवित प्रकाशात ते इंद्रधनुष्यासारखे झळकत होते. विद्यार्थ्याने सगळ्या विभागाला बोलावून आणले. मी चकती उलटी केली, बारीक सुई घेतली आणि एका स्फटिकाच्या कडेवर अलगद दाब दिला. सुई त्यावर घसरली, पुन्हा दाबल्यावर तो कडक साखरेच्या खड्यासारखा तडकला आणि तुकडे थेंबात उडाले. प्रथिनाचा स्फटिक असा वागत नाही. त्याच्या आकारमानाच्या साधारण २७ ते ६५ टक्के भागात द्रावणच भरलेले असते, त्यामुळे सुईखाली तो मऊ साबणासारखा चिरडतो. आमचे स्फटिक फॉस्फेट आणि मॅग्नेशियम यांच्या संयोगाने बनलेल्या क्षाराचे होते. त्यानंतर मिथिलीन ब्लूचा कणभर रंगही घालून पाहिला: प्रथिनाच्या स्फटिकातील वाटांतून रंग आत शिरतो आणि स्फटिक निळा होतो, आमचा स्फटिक रंगहीनच राहिला.

ही चूक पेटीची नव्हती, आमची होती. पण पेटीतल्या बऱ्याच नळ्यांत कॅल्शियम किंवा मॅग्नेशियम असल्यामुळे फॉस्फेटमधील प्रथिन घेऊन तिच्याकडे जाणाऱ्या प्रत्येकाची हीच गत होणार. तेव्हापासून दोन नियम पाळतो. प्रथिन आधी डायलिसिस करून १० मिलिमोलर हेपेस बफर आणि थोड्या सोडियम क्लोराइडमध्ये आणायचे. बफर इतके सौम्य ठेवायचे, की थेंबाचा पीएच नळीतले बफरच ठरवील. आणि प्रत्येक चकतीवर प्रथिनाच्या थेंबाशेजारी फक्त बफरचा दुसरा थेंब लावायचा. दोन्ही थेंब एकाच खान्यावर टांगले जात असल्याने पेटीतले द्रावण जास्त लागत नाही, आणि नुसत्या बफरच्या थेंबातही स्फटिक दिसले की विभागाला बोलावण्याची गरज राहत नाही.

पेटीचा खरा उपयोग अनेकांच्या लक्षात येत नाही, कारण सगळ्यांचे डोळे स्फटिक शोधत असतात. पन्नास थेंबांपैकी स्फटिक एखाद्यात मिळतो, किंवा मिळतच नाही. पण उरलेले एकोणपन्नासही बोलत असतात. निम्म्याहून जास्त थेंबांत लगेच तपकिरी, दाट साका पडला तर प्रथिनाचे प्रमाण जास्त आहे, ते निम्म्यावर आणावे. बहुतेक थेंब आठवडा उलटूनही स्वच्छ राहिले तर प्रमाण दुप्पट करावे. सारे साके पीएच ४.६ च्या नळ्यांतच पडले असतील तर प्रथिनाला आम्लता सोसत नाही, हे समजले. अमोनियम सल्फेटच्या थेंबांत तेलासारखे गोलक दिसले तर द्रावण दोन भागांत विलग होत आहे. ती जागा स्फटिकाच्या अगदी जवळची असू शकते. आम्ही प्रत्येक थेंबाची स्थिती पहिल्या, तिसऱ्या, सातव्या आणि चौदाव्या दिवशी तक्त्यात लिहितो, आणि आमच्या लेक्टिनचा स्वभाव त्या तक्त्यातूनच आम्हाला समजला. या दृष्टीने पाहिले तर एकही स्फटिक न देणारी तपासणीही पैसे वसूल करून देते.

बफर बदलल्यानंतरच्या दुसऱ्या तपासणीत सतरावी नळी बोलली. तिच्यात ०.२ मोलर लिथियम सल्फेट, पीएच ८.५ चे ट्रिस आणि ३० टक्के पेग ४००० आहे. थेंबाच्या मध्यभागी केसांपेक्षा बारीक सुयांचा गुच्छ आला होता, साळिंदरासारखा, आणि नुसत्या बफरचा शेजारचा थेंब स्वच्छ होता. असे गुच्छ एक्स-किरणांसाठी निरुपयोगी असतात, कारण एकटा, सुटा स्फटिक हवा असतो. इथे पेटीचे काम संपते आणि पुढचे काम स्वतःच्या बाटल्यांतून करावे लागते, हे घेणाऱ्याने आधीच लक्षात ठेवावे. आम्ही पेग ४००० आडव्या सहा खान्यांत २० ते ३० टक्के आणि पीएच उभ्या चार ओळींत ७.८ ते ९.० असा बदलत चोवीस खाने लावले. पेग कमी होताच सुया कमी आणि जाड झाल्या. २४ टक्क्यांच्या आसपास त्या छोट्या कांड्या झाल्या, पण त्याखाली थेंब स्वच्छच राहू लागले. त्या स्वच्छ थेंबांत प्रथिन अतिसंपृक्त होते, फक्त नवीन स्फटिकबीज आपोआप जन्मत नव्हते. मग जुन्या सुयांचा चुरा करून, तो बराच पातळ करून, मांजराच्या मिशीने नव्या थेंबांत एक रेघ ओढली. चार दिवसांनी त्या रेघेवर मण्यांच्या माळेसारख्या कांड्या उभ्या होत्या, सर्वांत मोठी ०.२ मिलिमीटरची.

यासाठी लागणारी द्रावणे आम्ही घरीच बनवली, आणि म्हणून विचारणारा विचारील की मग पन्नासही घरीच का बनवू नयेत. नळ्यांतले घटक छापील यादीत उघडपणे दिलेले असतात, त्यामुळे ते शक्य आहे, आणि विद्यार्थ्यांनी निदान दहा-बारा नळ्या स्वतः बनवून पाहाव्यात असे मी म्हणेन. पण अडचणी लहान वाटतात तेवढ्या लहान नाहीत. ट्रिसचा पीएच तापमानाबरोबर सरकतो, एका अंशाला सुमारे ०.०३ या प्रमाणात, त्यामुळे वातानुकूलित खोलीत आणि मे महिन्याच्या दुपारी बनवलेली द्रावणे सारखी नसतात. पेग उजेडात आणि हवेत पडून राहिले की त्यात पेरॉक्साइड आणि अल्डिहाइड तयार होतात आणि ते प्रथिनाला बाधतात. पन्नास द्रावणांसाठी लागणारी शुद्ध रसायने बाटल्यांनी विकत घेतली तर एकदाचा खर्च पेटीपेक्षा जास्त होतो आणि त्यातले निम्मे रसायन कपाटात पडून राहते. ज्या प्रयोगशाळेत वर्षाला चार-पाच प्रथिने तपासायची आहेत तिने पेटी घ्यावी. ज्या विभागात दर महिन्याला नवे प्रथिन येते त्याने पेटी एकदा घेऊन, कोणत्या नळ्या खरोखर लागतात ते पाहून, त्या मोठ्या प्रमाणात बनवाव्यात.

सुरक्षेबाबत एक गोष्ट गंभीरपणे घ्यावी. पीएच ६.५ च्या अनेक नळ्यांत सोडियम कॅकोडायलेट आहे आणि त्यात आर्सेनिक असते. हातमोजे न घालता या नळ्या हाताळू देऊ नयेत आणि त्या प्लेटांचा कचरा वेगळ्या डब्यात जमा करून संस्थेच्या घातक कचऱ्याच्या व्यवस्थेकडेच द्यावा. आमच्याकडे त्या नळ्यांच्या झाकणांवर लाल पट्टी लावलेली आहे, आणि नव्या विद्यार्थ्याला पेटी दाखवताना आधी ती पट्टी दाखवतो.

पुरवठ्याचा अनुभव मात्र सुखाचा नव्हता. स्थानिक वितरकाने मागणी नोंदवली हिवाळ्यात, आणि पेटी हाती आली मेमध्ये. मधले काही दिवस ती गोदामात पडून होती आणि तिथले तापमान काय होते ते कोणी सांगू शकले नाही. आम्ही नळ्या उजेडात धरून एकेक तपासल्या. दोन नळ्यांत तळाशी क्षाराचे खडे बसले होते, कोमट पाण्यात ठेवल्यावर ते विरघळले. तेव्हापासून मागणीपत्रात वितरणाचा महिना आणि साठवणीची अट लिहूनच देतो, आणि पेटी आल्यावर झाकणांना पॅराफिल्म गुंडाळून तिला फ्रिजबाहेर, पण थंड अंधाऱ्या कपाटात ठेवतो. वीज जाण्याच्या दिवसांत इन्क्युबेटरचे तापमान वर-खाली होते आणि तेवढ्यानेही स्फटिक विरघळतात, म्हणून प्लेटांच्या खोलीला इन्व्हर्टर जोडून घेणे हा पेटीच्या किमतीइतकाच आवश्यक खर्च आहे.

अल्फाफोल्ड या संगणक प्रणालीने प्रथिनांच्या घडणीचा अंदाज इतका अचूक केला असताना स्फटिक कशाला वाढवायचे, हा प्रश्न विद्यार्थी दर वर्षी विचारतात. घडण ठरवण्यासाठी त्याची गरज कमी झाली, हे खरे आहे. पण आमच्या लेक्टिनच्या खाचेत कोणती साखर कोणत्या कोनात बसते, खाचेजवळचा कॅल्शियम अणू तिच्यापासून किती अंतरावर आहे, तिच्याभोवती पाण्याचे कोणते रेणू उभे आहेत, हे आम्हाला स्फटिकच दाखवू शकतो. भारतात हे काम नवे नाही: बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत एम. विजयन यांच्या गटाने भुईमुगातील लेक्टिनची रचना १९९४ मध्ये प्रसिद्ध केली, आणि पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील संशोधकांचा पेनिसिलिन व्ही ॲसिलेज या विकराच्या १९९९ मधील रचनेत सहभाग होता. आपल्या गावाजवळच्या प्रयोगशाळेत स्फटिक वाढले आहेत, हे मी मुलांना आवर्जून सांगतो.

संचाला पाचपैकी साडेचार गुण देईन. उरलेला अर्धा गुण कॅकोडायलेटसाठी कापला आहे. शिकणाऱ्या हातांसाठी त्या नळ्यांत दुसरे बफर असते तर बरे झाले असते.

आमच्या ०.२ मिलिमीटरच्या कांड्या आता २० टक्के ग्लिसरॉलमधून काढून द्रव नायट्रोजनमध्ये ठेवल्या आहेत. इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रातील इंडस-२ सिंक्रोट्रॉनवर, म्हणजे प्रखर एक्स-किरण देणाऱ्या यंत्रावर, प्रथिन स्फटिकांसाठी स्वतंत्र किरणवाहिनी आहे, तिच्या वेळेसाठीचा अर्ज मागच्या आठवड्यात पाठवला. तोवर तिसऱ्या तुकडीची मुले नव्या प्रथिनाच्या दोन प्लेटा लावत आहेत, आणि सतराव्या नळीतले द्रावण आता तळाच्या निमुळत्या भागापर्यंत आले आहे.